आक्काच्या गोठ्यात पडलेलं रॉकेट

ऊसतोडीचे दिवस होते. दिवस मावळला की मी कळंब्याच्या तलावाकाठी एक फेरी मारते. निवृत्त होऊन कोल्हापुरात राहायला आल्यापासूनचा हा नेम. माझी सगळी नोकरी बंगळूरला, अवकाश खात्यात झाली. उपग्रहाच्या पोटात इंधनाच्या टाक्या असतात, त्यांना जोडलेल्या नळ्या आणि झडपा असतात. ते माझं काम. फिरायला येणाऱ्या मंडळींना हे ठाऊक झालं, तेव्हापासून आभाळातलं काहीही मलाच विचारतात. ग्रहण किती वाजता लागणार, चंद्राभोवती खळं का पडलंय, इथपासून मोबाइलला रेंज का नाही, इथपर्यंत.

त्या संध्याकाळी पश्चिमेकडून एक ठिणगी उगवली आणि सावकाश वर येऊ लागली. तारा तुटतो तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसेनासा होतो. ही विझत नव्हती. वर येता येता तिचे दोन तुकडे झाले, मग पाच-सात, आणि प्रत्येकाला नारिंगी शेपूट. आवाज अजिबात नाही. तलावाच्या बांधावरची माणसं जागच्या जागी थांबली. कुणी मोबाइल वर धरले, एका बाईंनी पोराला पोटाशी ओढलं.

"मॅडम, काय हो हे? मिसाईल काय?"

"छे! जुन्या रॉकेटचा टप्पा आहे," मी म्हणाले. "उपग्रह पोचवला की हा वरच फिरत राहतो. फिरता फिरता हळूहळू खाली येतो, दाट हवेत शिरला की असा पेटतो."

"मग पडंल की वो खाली!"

"काही पडत नाही. राख होते सगळ्याची. बघून घ्या, असं परत बघायला मिळायचं नाही."

घरच्या कार्यात पाहुण्यांना आग्रह करावा तशी मी बोलत होते. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम हुत्या म्हणून कळलं, न्हायतर पळतच सुटलो असतो की." सगळे हसले. मीही हसले. घरी येताना पावलं हलकी पडत होती.

खरं काय ते मला माहीत होतं. बहुतेक सगळं जळतं. टाक्या मात्र जळतातच असं नाही; दाब सोसण्यासाठी वापरलेला त्यांचा धातू तापही सोसतो, आणि मी जन्मभर टाक्यांचंच काम केलं होतं. 'बहुतेक' हा एक शब्द मी गाळला, कारण तो घातला असता तर लोक हसले नसते.

चहाचं आधण ठेवलं आणि दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नेसरीजवळच्या एका वाडीत त्यांची शेती आहे, गोठ्यात म्हशी आहेत. फोनवर ते एरवी मोठ्यानं बोलतात, त्या दिवशी हळू बोलत होते.

"बाई, जरा ऐका. आभाळातनं काय तर पडलंय गोठ्यात. पत्रा फुटलाय. म्हशीला लागलंय."

"आक्का कुठं आहे?"

"हितंच हाय. तिला काय न्हाय. धार काढाय बसणार, तर चरवी घरात ऱ्हायली म्हणून परत फिरली. तेवढ्यात धाडकन् आवाज."

"काय पडलंय?"

"काळा गोळा हाय. घागरीएवढा. तुमच्यातलं काय हाय काय बघा की."

तुमच्यातलं. त्यात टोमणा नव्हता. शेजारच्या रानातलं वासरू आपल्या उसात शिरलं तर माणूस शेजाऱ्याला विचारतो, तसं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, हात लावू नका, कुणाला जवळ जाऊ देऊ नका, मी सकाळी येते. मग बंगळूरला, माझ्या हाताखाली शिकलेल्या आणि आता आभाळातल्या अशा वस्तूंवर नजर ठेवण्याच्या कामावर असलेल्या मुलीला फोन लावला.

आक्काची म्हैस कितपत जखमी आहे, हे मी दाजींना विचारलं नव्हतं. या मुलीला मात्र मी पहिलं वाक्य बोलले ते, "आपलं आहे का?"

"नाही मॅडम. परदेशातलं आहे. जुनंच आहे, पुष्कळ वर्षं फिरत होतं. आज येणार हे माहीत होतं, पण कुठं येईल ते शेवटपर्यंत सांगता येत नव्हतं. वरची विरळ हवा थोडी फुगली की सगळा हिशोब हलतो."

मी "बरं झालं" म्हणाले. अगदी मोठ्यानं, स्वयंपाकघरात एकटी उभी राहून. ती पुढं सांगत राहिली की आता रोजच असं काही ना काही असतं; वर इतकी गर्दी झाली आहे की चालू उपग्रहांना मेलेल्या उपग्रहांपासून बाजूला सरकवणं हेच मोठं काम होऊन बसलंय. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की त्यांचे शेकडो होतात, आणि त्यातला बोटाएवढा तुकडासुद्धा अख्खा उपग्रह फोडू शकतो. मला हे नवीन नव्हतं. नोकरीत असताना अशा बैठकांना मी बसले होते आणि मान डोलावून उठले होते. पण त्या क्षणी माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. आपलं नाही, एवढंच मी मनात घोळवत होते.

सकाळी लवकर गाडी काढली. कागल, निपाणी करत गडहिंग्लज, तिथून नेसरी. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकत गेले. वाडीत पोचले तर आक्काच्या अंगणात जत्रा भरलेली. मोटरसायकली आडव्यातिडव्या लावलेल्या, पोलीसपाटील खुर्ची टाकून बसलेले, तलाठी आलेला, एका चॅनेलचा माणूस माईक घेऊन उभा. गर्दीतनं वाट काढताना कुणीतरी म्हणालं, "सरका रं, पावण्या आल्या बंगळूरच्या. रॉकेटवाल्या."

गोळा गोठ्याच्या दाराशी आणून ठेवला होता. हात लावू नका म्हटलं होतं, तरी आणला होता. बरोबरच आहे, गोठ्यात माणसांना जायचं-यायचं होतं. काळाकुट्ट, वरच्या थराचे धागे सुटून नारळाच्या शेंडीसारखे उभे राहिलेले. ओळखायला मला क्षणही लागला नाही. रॉकेटमध्ये दाबाखाली वायू भरून ठेवायची ही टाकी. असल्या टाक्यांना मी हातानं कुरवाळलेलं आहे, त्यांच्या चाचण्या पास झाल्या तेव्हा पेढे वाटलेले आहेत. आता तिच्यावर हळदकुंकू होतं, दोन झेंडूची फुलं होती.

"कुणी लावलं हे? पुसा आधी! हात धुवा सगळ्यांनी, साबणानं! विषारी असू शकतं, कळत नाही का?"

 माझा आवाज मलाच ऐकू आला. प्रयोगशाळेत नव्या पोरांवर ओरडायचे तो आवाज. कुंकू लावणारी बहुतेक शेजारची म्हातारी होती, ती पदरात हात लपवून मागं सरकली. बहुतेक अशा टाकीत निरुपद्रवी वायूच असतो, पण रॉकेटच्या इंधनात जीव घेणारं विष असतं आणि कशाला काय लागलंय ते मला नुसतं बघून सांगता येत नव्हतं. हे मला शांतपणे सांगता आलं असतं. दाजी मात्र निमूटपणे बंबाजवळ गेले आणि हात धुऊ लागले. काल त्यांनीच तो गोळा ओढून बाहेर काढला होता.

मी खाली वाकले. गोळ्याच्या एका टोकाला धातूची कडी होती, तिच्यावर अर्धवट जळालेली अक्षरं. ती वाचली आणि उठून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "आपलं नाही हे! आपल्या देशाचं नाही!"

गर्दी सैल झाली. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. चॅनेलवाला पुढं आला, "मॅडम, हे परत एकदा कॅमेऱ्याकडं बघून बोला." मी पदर सारखा केला आणि बोलले. आपण या बाबतीत फार जबाबदारीनं काम करतो, असंही वर जोडलं. त्यानं विचारलं, "म्हणजे आपलं असं काही वर फिरत नाही?" मी म्हणाले, "तो वेगळा विषय आहे."

तेवढ्यात गोठ्यातून आक्काचा आवाज आला.

"मग कुणाचं हाय?"

मी आत गेले. वर पत्र्याला मोठं भगदाड, त्यातून ऊन सरळ खाली पडलेलं, आणि त्या उन्हात म्हैस आडवी. मागचं अंग तिला उचलता येत नव्हतं. पुढचे पाय मधूनमधून ती ताणायची, उठायला बघायची आणि परत मान टाकायची. तिचं डोकं मांडीवर घेऊन आक्का शेणामातीत बसली होती. रात्रभर तशीच बसली असावी. लुगड्याला कडबा चिकटलेला होता.

"दुसऱ्या देशाचं आहे, आक्का. आपलं नाही."

"व्हय?" ती म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हशीच्या कानामागं खाजवत राहिली. "पण म्हस आमची हुती की."

हुती. म्हैस अजून श्वास घेत होती आणि तिनं हुती म्हटलं. बाहेर कुणीतरी माझ्या नावाचा पुकारा करत होतं, चॅनेलवाल्याला आणखी एक प्रश्न होता. मी गेले नाही. पण तिच्याजवळ तरी कुठं बसले? आक्काजवळ शेणात बसायला माझी साडी आडवी आली. मी उभीच राहिले.

थोड्या वेळानं जनावरांचा डॉक्टर आला. तरुण होता. म्हशीच्या कंबरेवरून, मांडीवरून हात फिरवला, पायाला टाचणी टोचून बघितली आणि आक्काला म्हणाला, "मावशी, कंबरेचं हाड मोडलंय. ही उठायची न्हाय. हाल हुतील नुसतं."

आक्कानं मान हलवली. "कास तटलीया तिची. काल सांजच्यानं धार न्हाय. तेवढं करतो आन् मग बघा."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात: आलो, गेलो, करतो. बंगळूरला माझ्या बोलण्याला लोक हसले म्हणून मी ते सोडलं. आक्कानं का सोडावं?

तिनं आडव्या म्हशीची धार काढली. म्हशीला एका कुशीवरून नीट कलवायला दाजी आणि डॉक्टर लागले. अर्धी चरवी भरली. आक्का उठू लागली तेव्हा मला बोलणं भाग होतं.

"आक्का, ते दूध वापरू नकोस. डेअरीलाही घालू नकोस. सांगता येत नाही, काय लागलं असेल..."

ती माझ्याकडं बघत राहिली. आदल्या संध्याकाळी गोठ्याचं छप्पर फाटलं, तेव्हाही ती इतकी गोंधळली नसेल. मग तिनं चरवी माझ्या हातात दिली. "मग तूच वत कुठं वतायचं ते. माझ्याच्यानं हुयाचं न्हाय."

मी चरवी घेऊन गोठ्यामागं गेले. दूध कोमट होतं, फेस अजून बसला नव्हता. लोक बघत होते. चॅनेलवालासुद्धा बघत होता, पण त्यानं कॅमेरा खाली धरला होता, एवढं त्याचं मी मानते. मी पायानं माती उकरली आणि त्यात दूध ओतलं.

म्हशीला इंजेक्शन दिलं तेव्हा आक्कानं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मलाही.

बाहेर तलाठी अडचणीत सापडला होता. पंचनामा करायचा तर जनावर कशानं मेलं म्हणायचं? वीज पडून मरतं, पुरात मरतं, गव्यानं मारलं असंही होतं. "रॉकेटनं असं आजवर कुणी लिहिलेलं न्हाय वो," तो मला म्हणाला. मी त्याला सांगितलं की असं नुकसान झालं तर ज्यानं रॉकेट सोडलं त्या देशानं ते भरून द्यावं, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. पोलीसपाटलांनी विचारलं, "मग त्या देशाला आमच्या वाडीतली म्हस मेली म्हणून कळवायचं कुणी? तुम्ही सांगणार?" लोक हसले. त्या हसण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्यावर कुणीच रागावलेलं नव्हतं.

उलटंच होत होतं. दाजींच्या सोप्यात, दर्शनी भिंतीवर, मी काम केलेल्या एका उपग्रहाचं चित्र आहे. कॅलेंडरमधून कापून त्यांनी ते चौकटीत बसवलंय. गोळा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सोप्यात नेत होते. "ह्यो आमच्या मेव्हणीनं केलाय. तिला सगळं कळतंय त्यातलं." लोक चित्राकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे, कुणी नमस्कारही करायचं. तो उपग्रह केव्हाच बंद पडलाय. चित्रात सोनेरी दिसतो, पण आज तोही एक मेलेला डबा आहे आणि आपल्या डोक्यावरून रोज जातो. हे त्या सोप्यात फक्त मला ठाऊक होतं.

"दाजी, ते चित्र काढून ठेवा," मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले.

"का म्हून?"

"नको वाटतंय मला."

"तुमचा काय दोष हाय त्यात? ऱ्हाऊ दे की." आणि नव्या आलेल्या दोघांना घेऊन ते परत आत गेले.

दुपारी जेसीबी आला, बांधाच्या कडेला खड्डा काढला. संध्याकाळी जीपमधून अधिकारी आले, हातमोजे घालून त्यांनी गोळा प्लास्टिकात गुंडाळला आणि घेऊन गेले. गर्दी पांगली. मी साडी बदलून आक्काचं जुनं लुगडं नेसले आणि आम्ही दोघींनी गोठा धुवायला घेतला. फुटलेल्या पत्र्याचे तुकडे वेचताना मी तिला सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तरी सांगितलं. वर काय काय फिरतंय. मेलेले उपग्रह, रॉकेटचे टप्पे, टाक्या, फुटलेल्या यंत्रांचे तुकडे. ते एकमेकांवर आपटून आणखी तुकडे होतात. काही आपोआप खाली येतात, काही आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत वरच राहतील. आणि दरवर्षी आधीपेक्षा जास्त रॉकेटं सोडली जातात.

"तुझं बी हाय वर?"

"आहे."

"मेलेलं?"

"हो."

तिनं खराटा थांबवला. "मग हे आदी कळत हुतं का न्हाय तुमास्नी?"

"कळत होतं."

"कळत हुतं तर मग सोडत कशाला हुता?"

मी उत्तर शोधलं. उपग्रहामुळं हवामान कळतं, वादळाची सूचना मिळते, तुझ्या फोनला... ही सगळी खरी कारणं आहेत. शाळा-कॉलेजातल्या भाषणांत मी ती सांगते. पण तिनं विचारलेला प्रश्न हा नव्हता. उपग्रह का सोडला, असं तिनं विचारलंच नव्हतं. मागं उरेल त्याचं काय करायचं, हे न ठरवता का सोडला, असं ती विचारत होती.

"सगळेच सोडत होते, आक्का," मी म्हणाले.

शाळेत कॉपी करताना पकडलेलं पोर देतं ते उत्तर.   आक्कानं खराटा परत हातात घेतला आणि गव्हाणीखालचं पाणी बाहेर लोटू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "जेवाय चल. भाकरी गार हुत्यात."

जेवताना तिनं माझ्या ताटात आधी वाढलं. बाकीच्या म्हशींचं दूध होतं, त्यातलं तापवून वाटीभर माझ्यापुढं ठेवलं. "ह्यातलं चालतंय न्हवं? ह्या पलीकडं बांधलेल्या हुत्या." तिनं ते मनापासून विचारलं होतं. मी मान हलवली आणि वाटी तोंडाला लावली. 

रात्री चॅनेलवर बातमी लागली. दाजींनी आवाज मोठा केला. पडद्यावर मी पदर सारखा करत 'आपलं नाही हे' म्हणत होते. चेहऱ्यावर निकाल लागल्याचा आनंद. माझ्या मागं, दारातून, गोठ्यातलं थोडंसं दिसत होतं. आक्काची पाठ दिसत होती. मी उठून बाहेर गेले. दाजींना वाटलं, मला लाजायला झालं. एका अर्थी बरोबरच होतं.

पुढं म्हणाल तर फारसं काही घडलं नाही. गोळ्याचं काय झालं ते वाडीत कुणालाच कळलं नाही. त्या देशाला कळवायच्या अर्जाचा मी बंगळूरपर्यंत पाठपुरावा केला, अजूनही करते आहे. दर वेळी विषय वेगळ्या टेबलावर गेलेला असतो. भगदाड पडलं तेवढ्या भागावर दाजींनी पत्र्याऐवजी स्लॅब घालून घेतला. शेजारच्या म्हातारीची मी जाऊन माफी मागितली. तिला ते आठवतच नव्हतं, किंवा आठवत नसल्याचं तिनं दाखवलं. एका कॉलेजनं भाषणाला बोलावलं तेव्हा मी विषय बदलून घेतला आणि वर साचलेल्या या कचऱ्यावर बोलले, माझ्या उपग्रहासकट. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी प्राचार्य आभार मानताना म्हणाले, "मॅडमचा हा विनय आपण सगळ्यांनी घेण्यासारखा आहे." मी शाल घेतली आणि खाली बसले.

आक्का पूर्वी मला फोन करायची ती सणावाराला. आता टीव्हीवर कुठलंही रॉकेट सुटलेलं दाखवलं की संध्याकाळी तिचा फोन येतो. परवाही आला.

"आज एक सोडलं म्हणं."

"हो. बघितलं मी."

"ते खाली येतंय काय गं?"

"आज नाही. कधीतरी येईल."

"आन् आदीची हायती ती?"

मी खिडकीशी उभी होते. तिला धीर देणं सोपं होतं. बहुतेक समुद्रात पडतात, बहुतेक जळून जातात, आणि हे खोटंही नव्हतं.

"बहुतेक जळतात, आक्का. पण सांगता येत नाही. कुठं पडेल ते आम्हालाच आधी नक्की कळत नाही."

पलीकडं म्हशीच्या साखळीचा आवाज आला. 

"बरं," ती म्हणाली. "मग गाभण हाय ती तेवढी स्लॅबखाली बांधतो."